झोपेआधीची तलाशी

आमच्या ह्यांना झोपेची भीती बसली ती एकाहत्तर सालच्या डिसेंबरात. पहिले तीन दिवस त्या भीतीचा मी चांगला फायदा करून घेतला, हे आधीच कबूल केलेलं बरं.

हे, म्हणजे नीलकंठराव, तेव्हा बारूद भरण्याच्या फॅक्टरीत होते. लढाई सुरू झाली तशी ड्यूटी बारा-बारा तासांची झाली आणि ह्यांच्या वाट्याला रात्रपाळी आली. रात्री आठला आत, सकाळी आठला बाहेर. नऊच्या सुमारास चेरीतालच्या आमच्या घरी सायकल दाराला टेकायची. मग चहा-पोळी, आंघोळ आणि आतल्या खोलीत झोप. ब्लॅकआउटसाठी खिडकीच्या काचांना खाकी कागद चिकटवले होते, त्यामुळे भर दुपारीही खोलीत अंधार असायचा. मुलीला लढाई लागताच अमरावतीला आजोळी पाठवलं होतं, म्हणजे घरात आवाज करायला कुणी नाही. दिवसा झोपणाऱ्या माणसाला याहून अधिक काय लागतं?

पण एका शुक्रवारी हे झोपायला गेले आणि पाऊण तासात घामाघूम होऊन बाहेर आले. "झोप नाही येऊन राहिली," एवढंच म्हणाले. मी अंगणात उन्हाला मटार सोलत बसले होते. माझ्या पुढ्यातली टोपली ओढून घेतली आणि सोलायला लागले. डिसेंबरात आमच्या जबलपूरला मटार कुणी थोडाथोडका आणत नाही, पोतडीच आणतात. ती सगळी पोतडी ह्यांनी दुपारपर्यंत सोलली. दुसऱ्या दिवशी सायकलची चेन धुतली आणि पलंगाची निवार ओढून घट्ट केली. तिसऱ्या दिवशी माळा साफ केला. लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि त्यातली आठ वर्षं मी त्या माळ्याबद्दल बोलत होते. मी मनात म्हटलं, चला, माणूस उशिरा का होईना, मार्गाला लागला.

चौथ्या दिवशी घरी येताना हे घमापूरजवळ सायकलवरून पडले. ना कुणाचा धक्का लागला, ना खड्डा होता. चालत्या सायकलवर डोळा लागला. कोपर सोलवटून दारात उभे राहिले तेव्हा माझं डोकं ठिकाणावर आलं.

"तीन दिवस झोपला नाही तुम्ही," मी म्हणाले, "आणि मी बावळट तुमच्याकडून माळा साफ करून घेऊन राहिली. काहून झोपत नाही? सांगा."

"भीती वाटते."

"कशाची?"

"झोपेची."

मी हसले. एवढा मोठा माणूस, रात्रभर बारुदाजवळ उभा राहतो आणि उशीला घाबरतो, असं काहीतरी बोललेसुद्धा. त्या हसण्याचा मला अजून राग येतो.

मग ह्यांनी कोपरावर हळद लावून घेता घेता स्वप्न सांगितलं. "मी आत बिल्डिंगमध्ये असतो. सगळे आपापलं काम करून राहिले असतात. माझी मूठ बंद असते. उघडून पाहतो तर आत माचिस. घाबरून मूठ मिटतो, तर ती वाजते. आतल्या काड्या खुळखुळ करतात. सगळे हात थांबवून माझ्याकडे पाहतात. मग जाग येते. पुन्हा डोळे मिटले की पुन्हा तेच, तिथूनच सुरू."

ज्यांना फॅक्टरी माहीत नाही त्यांना यात भिण्यासारखं काय, असं वाटेल. तिथं माचिस म्हणजे सापापेक्षा वाईट. आतल्या बिल्डिंगीच्या दाराशी गुडघाभर उंचीची एक आडवी फळी असते. फळीच्या अलीकडे तलाशी घेणारा उभा. तो अंग चाचपतो, माचिस, बीडी, चाबी विचारतो. मग फळीवर बसायचं, घरच्या चपला अलीकडे सोडायच्या, पाय उचलून पलीकडे टाकायचे आणि तिथले बिनखिळ्याचे बूट घालायचे. आत लोखंड चालत नाही, हत्यारं तांब्या-पितळेची. कपड्यांना खिसे चालत नाहीत. थंडीत आत घालायला मी ह्यांना हिरवा स्वेटर विणून दिला होता, त्याचे खिसे मीच टाके घालून बंद केले होते. ह्यांच्या बिल्डिंगीत एका पाळीला बावीस माणसं असत. एक ठिणगी पडली तर बावीसही घरी येणार नाहीत, हे चेरीतालपासून रांझीपर्यंत सगळ्या बायकांना ठाऊक होतं. बोलत कुणी नसे.

"पण स्वप्नच ना?" मी म्हणाले. "तुम्ही तर बीडीही ओढत नाही."

"म्हणूनच तर," हे म्हणाले.

मला उपाय सुचेना, म्हणून मी राधाबाईकडे गेले. राधाबाई आमची भिंतीला भिंत असलेली शेजारीण, अंगण दोघींचं एक. तेव्हा आमचं बोलणं बंद होतं. आदल्याच गुरुवारी माझी नवीकोरी माचिस अंगणातून नाहीशी झाली होती आणि ती तिनंच नेली, असं मी तिला चार बायकांसमोर सुनावलं होतं. पण नवऱ्याच्या तब्येतीपुढे कसलं भांडण! मान खाली घालून गेले.

"मले काहून विचारतं?" ती म्हणाली. "मी तर चोर ना?" पण बाई मनानं चांगली. दोन टोमणे मारून झाल्यावर तिनं सांगितलं, "उशीखाली लोखंड ठेव. अडकित्ता ठेव, कैची ठेव. वाईट सपन जवळ नाही येत."

मी अडकित्ता ठेवला. हे आडवे झाले, हात उशीखाली गेला आणि विंचू चावल्यासारखे उठून बसले.

"लोखंड? हेमा, लोखंड घासलं की ठिणगी पडते!"

"अहो, हा पलंग आहे! इथं कुठं बारूद आहे?"

पण ते काही केल्या डोकं टेकायला तयार होईनात. शेवटी मी देवघरातली तांब्याची पळी आणून उशीखाली ठेवली. ह्यांनी ती हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि गंभीरपणे म्हणाले, "हां, तांबं चालते." राधाबाईच्या भुतांना तांबं चालतं का, हे मी विचारत बसले नाही.

त्या पळीवर अर्धा तास झोप मिळाली. दुसऱ्या दिवशीही अर्धाच तास. तिसऱ्या सकाळी घरी आले तेव्हा ह्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. रात्री पाळीत बारुदानं भरलेलं पितळेचं माप हातातून सुटलं होतं. रबराच्या चटईवर पडलं म्हणून काही झालं नाही. मुकादमानं बाजूला घेऊन विचारलं, "भैया, तबियत तो ठीक है?" सुट्टी मागायची सोय नव्हती, लढाई चालू होती आणि सगळ्यांच्या सुट्ट्या बंद होत्या.

"आजच्यासारखं पुन्हा झालं तर?" मी विचारलं.

"दर वेळी चटईवरच पडेल असं थोडीच आहे."

मला रडू आलं, आणि मला रडू आलं की राग येतो. देवाचा आला, फॅक्टरीचा आला, त्या मेल्या स्वप्नाचा आला. रात्रपाळीला निघायला दहा तास होते आणि तेवढ्यात ह्या माणसाला झोपवायचं होतं. सांगून, समजावून झालं होतं. स्वप्नात माचिस येते कशी, हाच विचार मी करत बसले. आणि वाटलं, येते कारण दारात विचारणारा कुणी नाही. फॅक्टरीत तलाशी होते, मगच माणूस निर्धास्त आत जातो. झोपेच्या दारात कोण आहे?

मी जेवायचा पाट उचलला आणि आतल्या खोलीच्या उंबऱ्यावर आडवा ठेवला. पदर खोचला.

"या इकडे. हात वर करा."

"हे काय करून राहिली?"

"तलाशी! हात वर!"

हे बघतच राहिले. पण वीस वर्षांची सवय, हात आपोआप वर गेले. मी खांद्यापासून पायापर्यंत चाचपलं. सदऱ्याचा खिसा बाहेर काढून दाखवला. कानामागे पाहिलं, मुठी उघडायला लावल्या, दहाही बोटं फाकवून पाहिली. तुळशीरामचा आवाज काढून विचारलं, "माचिस? बीडी? चाबी?" तुळशीराम म्हणजे ह्यांच्या दारावरचा तलाशीवाला. दसऱ्याला सोनं द्यायला घरी यायचा, तेव्हा त्याचा आवाज माझ्या ओळखीचा होता.

"कुछ नहीं," हे म्हणाले.

"चलो, अंदर."

हे पाटावर बसले, चपला अलीकडे सोडल्या, पाय उचलून पलीकडे टाकले आणि जाऊन आडवे झाले. मी तिथंच पाटावर बसून राहिले. दहा मिनिटांत घोरणं ऐकू आलं. मला ते घोरणं एरवी मुळीच खपत नाही. त्या दिवशी मी ते चार तास ऐकलं आणि स्वयंपाकघरात एक भांडं वाजू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तलाशी, पाच तास झोप. तिसऱ्या दिवशी सहा. सोळा तारखेला लढाई संपली, सदर बाजारात मिठाई वाटली, आमच्या गल्लीत फटाके फुटले, तरी हे उठले नाहीत. राधाबाईनं अंगणात पेढे आणून दिले आणि आमचं बोलणंही पुरतं सुरू झालं. लढाई संपली, रात्रपाळी मात्र संपली नाही. पण ह्यांच्या हातून माप पुन्हा सुटलं नव्हतं. मी स्वतःवर फार खूश होते. एखाद्या डॉक्टरला जमलं नसतं ते मी एका पाटानं केलं, असं मनात म्हणत होते.

त्या सोमवारी तलाशी घेऊन जेमतेम तास झाला होता. आतून ओरडणं ऐकू आलं. धावत गेले तर हे पलंगावर बसून दोन्ही हात कपड्याला पुसत होते.

"काय झालं? तलाशी तर झाली होती ना?"

"तलाशीनं काय होते, हेमा?" हे म्हणाले. "त्या दिवशीही झालीच होती."

"कोणत्या दिवशी?"

 ह्यांनी सगळं सांगितलं, भिंतीकडे पाहत.

ते नुसतं स्वप्न नव्हतं. त्या शुक्रवारच्या आदल्या रात्री, गुरुवारच्या पाळीला, ह्यांच्यासोबत खरीच माचिस आत गेली होती. गर्दी फार होती, पाळी सुरू व्हायचा भोंगा झाला होता. तुळशीरामनं जुना माणूस म्हणून खांद्यावर हात ठेवला आणि "चलो, चलो" करून सोडलं. आत काम चालू असताना, अकराच्या सुमारास, स्वेटरच्या उजव्या बाजूला काहीतरी टोचलं. हात लावला तर माचिस.

"बाजूला तीन माणसं बारूद भरून राहिली होती. मला ओरडताही येईना, पळताही येईना. लघवीचं निमित्त करून बाहेर गेलो. आगीसाठी पाण्याची बादली असते, तीत बुडवून चोळामोळा केला आणि वाळूच्या बादलीत पुरली. तिच्यावर रक्त होतं, हेमा. अंगठ्याएवढा लाल डाग. पाण्यात धरली तर माझ्या बोटांना लागला."

"कुणाला सांगितलं?"

"सांगून काय, तुळशीराम जाईल, मी जाईन. लढाईच्या दिवसांत आत माचिस नेली म्हणजे नोकरीवरच थांबत नाहीत, तुरुंगात घालतात. आणि विचारतील, कुठून आली? मी काय सांगू? मलाच माहीत नाही. आई सांगायची ना, लहानपणी मी झोपेत चालायचो? विहिरीपर्यंत गेलो होतो एकदा. दिवसा झोपलेलो असताना उठून मीच घेतली असणार. दुसरं कोण घेईल? झोपेत हा हात काय उचलेल, मला नाही कळत. आज माचिस, उद्या काय? म्हणून झोपायचं म्हटलं की..."

पुढचं मी ऐकलं नाही. मी अंगणात आले. तिथं सिगडी होती. तिच्याकडे पाहिलं आणि सगळं डोळ्यांसमोर उभं राहिलं.

तो मार्गशीर्षातला गुरुवार. संध्याकाळी लक्ष्मीची पूजा केली, कुंकू वाहिलं आणि कुंकवाच्याच बोटांनी नवी माचिस फोडून दिवा लावला. मग सिगडी पेटवायला अंगणात आले. थंडी होती म्हणून ह्यांचा हिरवा स्वेटर अंगात घातला. तो मी नेहमी घालायचे आणि त्याचा उजवा खिसा मीच उसवून ठेवला होता, पुन्हा शिवीन शिवीन म्हणत. हे तेव्हा आत दाढी करत होते. सिगडी पेटली, माचिस खिशात टाकली. तेवढ्यात आतून हाक आली, "हेमा, माझा स्वेटर कुठं आहे? उशीर होऊन राहिला!" मी काढला आणि माझ्या हातानं त्यांच्या हातात दिला. आणि पंधरा मिनिटांनी माचिस सापडेना म्हणून राधाबाईला चोर ठरवून आले.

मी सिगडीशेजारी बसून राहिले. खोटं कशाला सांगू, सांगायचं नाही असंही मनात आलं. ह्यांना काय ठाऊक होणार? हळूहळू विसरतील. मी आयुष्यात चूक कबूल करणारी बाई नव्हे, आणि ही चूक म्हणजे पोळी करपणं नव्हे. बावीस माणसं. त्यांतल्या सात-आठ जणांच्या बायका मला नावानं माहीत होत्या, हळदीकुंकवाला येणाऱ्या. पण आत तो माणूस स्वतःच्याच हातांना घाबरून बसला होता आणि संध्याकाळी त्याच हातांनी माप उचलणार होता.

मी आत गेले.

"ते रक्त नव्हतं," मी म्हणाले. "कुंकू होतं. माझा अंगठा होता तो. माचिस माझी होती. मी तुमचा स्वेटर घातला होता, उजवा खिसा मीच उसवला होता आणि मीच त्यात माचिस ठेवून तुम्हाला दिला."

हे माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं हात उचलतील. उचलला असता तर बरं वाटलं असतं.

"तू ठेवली?"

"मी."

"म्हणजे मी झोपेत नाही उचलली?"

"तुम्ही झोपेत कुठंच गेला नाही. नऊ वर्षांत कुशीही धड बदलली नाही तुम्ही."

ह्यांनी दोन्ही हात पुढे धरून नीट पाहिले, पुढून-मागून, दुसऱ्या कुणाचे असावेत तसे. मग पलंगावर पसरले. "सहाला उठव," म्हणाले. ना पाट, ना पळी, ना तलाशी. पाच मिनिटांत घोरायला लागले आणि सहाला हलवून हलवून उठवावं लागलं.

मी त्या दुपारी दोन्ही खिसे दुहेरी दोऱ्यानं शिवले. नवी माचिस घेऊन राधाबाईकडे गेले आणि म्हणाले, "माझी घरातच सापडली." ती चार बायका जमवून ऐकवेल असं वाटलं होतं. ती फक्त म्हणाली, "चेहरा काहून असा उतरला तुझा?"

त्या दिवसापासून माझी झोप गेली. डोळा मिटला की बिल्डिंग दिसायची, आत बावीस पाठमोरी माणसं आणि उघड्या दारात मी, हातात हिरवा स्वेटर. आता माझे डोळे खोल गेले. मी मटार सोलला, गव्हाचे डबे उपसले, धुतलेले कपडे पुन्हा धुतले. ह्यांना काही बोलले नाही. कोणत्या तोंडानं बोलणार?

पाचव्या दिवशी सकाळी नऊला हे आले. माझ्याकडे पाहिलं. सायकल लावली, हात धुतले. चहा मागितला नाही. पाट उचलून आतल्या खोलीच्या उंबऱ्यावर आडवा ठेवला.

"हेमा, इकडे ये. हात वर."

"काहीतरीच काय! तुम्ही रात्रभर जागून आले, आधी तुम्ही झोपा."

"हात वर."

मी हात वर केले. ह्यांनी मुठी उघडायला लावल्या, बोटं फाकवून पाहिली, अंगठा उन्हाकडे वळवून पाहिला. साडीला खिसा नसतो, पण कनवटी असते. तिथं ह्यांचा हात थांबला.

पाच दिवस मी माचिस कनवटीला गाठ मारून बाळगत होते. आंघोळीला जातानासुद्धा डोळ्यांसमोर ठेवायची. एकदा नजरेआड केली तर ती कुणाच्या खिशात जाईल, असं मला वाटायचं.

ह्यांनी गाठ सोडली. माचिस बाहेर काढली. ओरडतील म्हणून मी डोळे मिटले. देवघराच्या फळीवर ती ठेवल्याचा आवाज आला.

"ही इथं राहील," हे म्हणाले. "आता मी जागा आहे. बघून राहिलो तिच्याकडे." मग परत येऊन समोर उभे राहिले. "माचिस?"

"नाही."

"बीडी? चाबी?"

"काही नाही."

"चलो, अंदर."

मी पाटावर बसले, चपला अलीकडे सोडल्या आणि पाय उचलून पलीकडे टाकले.